जिंकल्यानंतरचं वर्ष

२१ जुलै २०११. लॉर्ड्स. कसोटी क्रिकेटच्या इतिहासातला दोन हजारावा सामना आणि त्याचा पहिला दिवस. भारताची टीम साडेतीन महिन्यांपूर्वीच वर्ल्ड कप जिंकलेली, कसोटीच्या क्रमवारीतही पहिल्या नंबरवर. आमच्या श्रीरामपूरचा झहीर खान बॉलिंग टाकतोय. कुक गेला, स्ट्रॉस गेला, दोन्ही ओपनर त्याच्याच नावावर. चौदावी ओव्हर टाकता टाकता तो मध्येच थांबतो आणि मांडीच्या मागे हात लावतो. १३.३ ओव्हर, १८ रन, २ विकेट. झहीर मैदानाबाहेर जातो आणि त्या दौऱ्यात पुन्हा एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळत नाही.

पुढचं तुम्हाला आठवत असेलच. (नसेल तर नशीबवान आहात.) लॉर्ड्सला १९६ रननी हार, ट्रेंट ब्रिजला ३१९ रननी, एजबॅस्टनला एक डाव आणि २४२ रननी, ओव्हलला एक डाव आणि ८ रननी. ४-०. वनडे मालिका ३-०. एकुलती एक टी-ट्वेंटी, तीही गेली. अख्ख्या दौऱ्यात एकही आंतरराष्ट्रीय सामना जिंकला नाही. पहिला नंबर इंग्लंडकडे गेला. हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात गेलो, तिथे पुन्हा ४-०.

मी तेव्हा शाळेत होतो, नगरला. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय, सांभाळून घ्या.) २ एप्रिलच्या रात्री ज्यांनी रस्त्यावर फटाके लावले होते तीच माणसं ऑगस्टमध्ये पानटपरीवर निकाल देऊन मोकळी झाली होती. "माजलेत रे. पैसा झाला, कप झाला, आता कशाला पळतील?" या निकालावर अपील नव्हतं.

हा निकाल फक्त क्रिकेटपुरता नाही. बोर्डात पहिला आलेला मुलगा पुढच्या वर्षी मागे पडला की त्याच्या डोक्यात हवा गेली. पहिला सिनेमा चालला आणि दुसरा पडला की दिग्दर्शक शेफारला. जिंकलेला माणूस पुढच्या खेपेला हरला की त्याच्या स्वभावात खोट शोधायची आपल्याला फार जुनी सवय आहे. प्रश्न असा आहे, की हे निदान बरोबर असतं का? गेले काही वीकेंड मी जुने स्कोअरकार्ड चाळत बसलो होतो. त्यातून जे हाताला लागलं ते मांडतोय.

आधी थोडं गणित

घाबरू नका, बारावीच्या वर जाणार नाही.

समजा एक टीम खरोखर चांगली आहे. इतकी चांगली, की समोर कुणीही असो, दहापैकी सात वेळा तीच जिंकेल. वर्ल्ड कपच्या बाद फेरीत तिला ओळीने तीन सामने जिंकायचेत. २०११ साली आपल्यापुढे होते ऑस्ट्रेलिया, पाकिस्तान आणि श्रीलंका. तिन्ही जिंकायची शक्यता किती? ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे साधारण ३४ टक्के. याचा अर्थ, सगळ्यांत चांगली टीमसुद्धा तीनपैकी दोन वेळा कप न घेताच घरी येणार. आणि लागोपाठ दोनदा जिंकायची शक्यता जेमतेम १२ टक्के.

लक्षात घ्या, या हिशोबात कुणी माजलेलं नाही, कुणाचं वय झालेलं नाही, कुणाचा पाय दुखावलेला नाही. तीच टीम, तीच मेहनत. तरीही पुढच्या वर्षी कप दुसऱ्याच्या हातात दिसायची शक्यता जास्त. जिंकलेल्या वर्षात कौशल्याबरोबर थोडं नशीबही होतं आणि नशीब दरवर्षी हजेरी लावत नाही.

संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचे आकडे मांडून ते दाखवलं होतं. फार उंच आईबापांची मुलं उंचच असतात, पण सहसा तितकी नाही. त्यात मुलांचा काही दोष नसतो.

याचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे १९८३. २५ जूनला कपिलच्या टीमने १८३ रन करून वेस्ट इंडीजला १४० मध्ये गुंडाळलं. १९७५ आणि १९७९ चे दोन्ही वर्ल्ड कप त्याच वेस्ट इंडीजने नेले होते, आणि त्या दोन स्पर्धा मिळून भारताच्या खात्यावर एकच विजय होता, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. चार महिन्यांत क्लाइव्ह लॉइड तीच टीम घेऊन भारतात आला. वनडे ५-०. सहा कसोटींची मालिका ३-०. माल्कम मार्शलने त्या मालिकेत ३३ विकेट काढल्या.

मग कपिलची टीम चार महिन्यांत बिघडली का? कपिलने तर याच मालिकेत अहमदाबादला एका डावात ८३ रन देऊन ९ विकेट घेतल्या. डोक्यात हवा गेलेला माणूस असं करत नाही. खरं उत्तर साधं आहे. त्या काळात वेस्ट इंडीज आपल्यापेक्षा खूपच वरचढ होती. जूनमधला एक दिवस आपला होता, तो आपण सोन्याचा केला. ऑक्टोबरपासून जे झालं ते त्या दोन टीममधलं नेहमीचं अंतर होतं. शिवाय जूनमध्ये आपल्याला हलकं लेखणारा लॉइड ऑक्टोबरमध्ये हिशोब चुकता करायला आला होता. जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी सगळेच अभ्यास करून भेटतात, हे फुकटात मिळणारं बक्षीस.

शरीर बिल पाठवतं

पण २०११ नुसत्या गणितात बसत नाही. पहिल्या नंबरची टीम चार कसोटी हरते, त्यातल्या दोन डावाने, हे "नशीब नव्हतं" म्हणून सोडून देता येत नाही. तिथे दुसरं कारण आहे.

तारखा बघा. वर्ल्ड कप १९ फेब्रुवारीला सुरू झाला. फायनल २ एप्रिलला. आयपीएल कधी सुरू झाली? ८ एप्रिलला. मध्ये सहा दिवस. ती चालली २८ मेपर्यंत. जूनमध्ये वेस्ट इंडीजचा दौरा, जुलैत इंग्लंड.

आता माणसं बघा. झहीरने वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट घेतल्या, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने स्पर्धेत सर्वांत जास्त. फायनलच्या पहिल्या स्पेलमध्ये पाच ओव्हरमध्ये तीन मेडन, ६ रन, १ विकेट. त्याच्या बंगलोरच्या टीमने मग आयपीएलच्याही फायनलपर्यंत मजल मारली. जुलैत त्याचा स्नायू गेला. सेहवागचा खांदा आधीच गेला होता. ऑपरेशन करून तो एजबॅस्टनला उतरला आणि दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर आउट झाला. गंभीरचाही खांदा दुखावलेला. हरभजनला ट्रेंट ब्रिजला पोटाच्या स्नायूने दगा दिला. युवराजचं त्याच सामन्यात बोट मोडलं.

युवराजचं तर काय सांगावं. ३६२ रन, १५ विकेट, वर्ल्ड कपचा मालिकावीर. २०१२ च्या सुरुवातीला जगाला कळलं की त्याला कॅन्सर आहे. ज्या माणसाला आपण टपरीवर उभं राहून माजलेला ठरवत होतो त्याच्या छातीत ट्यूमर वाढत होता. आपल्या निदानाची लायकी तिथेच कळायला हवी होती.

कोचही बदलला होता. वर्ल्ड कपबरोबर गॅरी कर्स्टनचा करार संपला आणि डंकन फ्लेचर आला. तीन वर्षांत बसलेली घडी एका दिवसात मोडली. नवा माणूस कितीही हुशार असला तरी कुणाला कधी विश्रांती द्यायची हे समजायला वेळ लागतोच.

त्या पडझडीत एक राहुल द्रविड उभा राहिला. लॉर्ड्सला नाबाद १०३, ट्रेंट ब्रिजला ११७, ओव्हलला नाबाद १४६. त्या कसोटी मालिकेतली भारताची तिन्ही शतकं त्याची एकट्याची. आणि गंमत बघा, द्रविड वर्ल्ड कपच्या टीममध्ये नव्हता. जे सहा आठवडे बाकीचे जिंकण्यात खर्च करत होते ते त्याच्या अंगात शिल्लक होते. हा माझा तर्क आहे, पण तारखा तरी त्याच्याच बाजूने बोलतात.

आणि माणसं निघून जातात

तिसरं कारण सगळ्यांत जुनं आहे, आणि आपल्या नगरवाल्यांच्या जास्त जवळचंही. नगर जिल्हा रणजीत येतो महाराष्ट्राच्या टीममध्ये, मुंबईच्या नव्हे. महाराष्ट्राने रणजी जिंकली आहे फक्त दोनदा, आणि ती लागोपाठ, १९३९-४० आणि १९४०-४१ साली. कॅप्टन होते प्रोफेसर दि. ब. देवधर, पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे. दुसऱ्या विजयाच्या मोसमात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ रन ठोकले तेव्हा त्यांचं वय होतं ४८! (मला तिशीच्या आत कंबरेचा पट्टा लागला, त्यामुळे हा आकडा मी आदराने लिहितो.)

त्या टीमचा दुसरा खांब म्हणजे सांगलीचा विजय हजारे. १९३९-४० मध्ये त्याने पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केले. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये भारतीयाने केलेलं ते पहिलं त्रिशतक. ज्यांच्याविरुद्ध ते केलं त्यांनी काय करावं? त्या काळी संस्थानं चांगल्या खेळाडूंना नोकरी देऊन आपल्याकडे ओढून घेत. १९४१-४२ पासून हजारे बडोद्याकडून खेळायला लागला. त्याच मोसमात रणजी मुंबईने नेली आणि १९४२-४३ मध्ये बडोद्याने. महाराष्ट्राचा काय हिशोब? १९४१ नंतर २०२५ पर्यंत एकदाही नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन फायनल खेळलो, तिन्ही हरलो.

हजारे बडोद्याला गेला यात कुणाचा माज नव्हता. त्याने ३१६ केले नसते तर त्याला कुणी मागितलाही नसता. जिंकण्यामुळेच माणसं डोळ्यांत भरतात आणि डोळ्यांत भरली की उचलली जातात. विजयातच पुढच्या वर्षाच्या अडचणीचं बी असतं.

हेच आज हुबेहूब बघायचं असेल तर अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलकडे बघा. तिथे दरवर्षी ६४ कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा होते आणि शेवटची फेरी ओमाहा शहरात. २०२१ ची विजेती मिसिसिपी स्टेट २०२२ मध्ये त्या ६४ मध्येसुद्धा नव्हती. २०२२ ची विजेती ओल मिस २०२३ मध्ये नव्हती. २०२३ मध्ये लुइझियाना स्टेट जिंकली आणि दोनच आठवड्यांत व्यावसायिक क्लबांनी नव्या खेळाडूंची निवड केली तेव्हा पहिला आणि दुसरा, दोन्ही नंबर याच कॉलेजच्या पोरांना मिळाले, पॉल स्कीन्स आणि डिलन क्रूज. पुढच्या वर्षी लुइझियाना स्टेट ओमाहापर्यंत पोचली नाही. लागोपाठ दोनदा जिंकलेलं शेवटचं कॉलेज म्हणजे साउथ कॅरोलायना, २०१० आणि २०११. तिथपासून २०२५ पर्यंत कुणालाच ते जमलं नाही.

म्हणजे कॅम्पस इंटरव्ह्यूसारखंच आहे हो. कॉलेजच्या फेस्टची सगळी कामं ज्या बॅचने गाजवली ती जूनमध्ये पुण्या-बंगळुरूला निघून जाते. पुढच्या वर्षीच्या फेस्टला शिव्या खातात ते मागे राहिलेले ज्युनियर.

मग पंधरा वेळा कसं जमलं?

इथे कुणीतरी हात वर करून विचारणार, "मग मुंबईचं काय?"

रास्त प्रश्न. १९५८-५९ ते १९७२-७३ मुंबईने ओळीने पंधरा वेळा रणजी जिंकली. आपल्या मघाच्या गणितात हे टाकून बघा. दरवर्षी जिंकायची शक्यता ८० टक्के धरली तरी पंधराच्या पंधरा वेळा जिंकायची शक्यता शंभरात तीन-चार इतकीच येते. ती निम्म्यावर न्यायची तर दरवर्षीची शक्यता ९५ टक्क्यांच्या आसपास हवी. हे नशिबाचं काम नाही. मग कशाचं?

"मुंबईकडे स्टार होते" हे सोपं उत्तर. ते अर्धंच खरं आहे, आणि ते १९७०-७१ चा मोसम दाखवतो.

त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल भारताची टीम वेस्ट इंडीजमध्ये होती. वाडेकर कॅप्टन. बरोबर सरदेसाई, सोलकर, अशोक मांकड आणि नवखा सुनील गावसकर. म्हणजे मुंबईची निम्मी बॅटिंग समुद्रापार. इकडे रणजीची फायनल, आणि समोर आपला महाराष्ट्र. तीस वर्षांनी कप परत आणायची याहून चांगली संधी कधी मिळणार होती? मुंबईने कॅप्टनपद दिलं सुधीर नाईककडे. तोवर तो एकही कसोटी खेळलेला नव्हता. मुंबई जिंकली.

म्हणजे मुंबईची खरी ताकद त्या अकरा जणांत नव्हती, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या रांगेत होती. ती रांग तयार होत होती कांगा लीगमध्ये. १९४८ पासून चालत आलेली ही लीग भर पावसाळ्यात, चिखलात खेळतात. ती तयार होत होती टाइम्स शील्डमध्ये, जिथे बँका आणि कंपन्यांच्या टीम एकमेकींना भिडतात. रणजीच्या अकरात जागा न मिळालेला पोरगा तिथे मोठ्या नावांसमोर खेळत असायचा. एखादा भारताच्या टीममध्ये गेला की त्याची जागा घेणारा आधीच घासून तयार असायचा. १९७३-७४ मध्ये सेमीफायनलला कर्नाटकने ही मालिका तोडली, पण पुढची तीन वर्षं कप पुन्हा मुंबईलाच. एक हार झाली म्हणून रांग मोडली नाही.

आमच्या आयटीत "बेंच" ही जवळजवळ शिवी आहे. बेंचवर बसलेला माणूस म्हणजे कंपनीचा खर्च, त्याच्याकडे कॅन्टीनवालासुद्धा दयेने बघतो. क्रिकेटमध्ये बेंच म्हणजे पुढच्या वर्षाची शिल्लक. एकच शब्द, पण एक धंदा त्याला तोटा मानतो आणि दुसरा मुद्दल.

आता या सुधीर नाईकची पुढची गोष्ट. भारताकडून त्याच्या वाट्याला तीन कसोटी आल्या. मग तो नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये पोरं घडवत राहिला. नव्वदच्या दशकात श्रीरामपूरहून एक लांबसडक डावखुरा पोरगा इंजिनिअरिंगचा विचार बाजूला ठेवून मुंबईला आला, त्याला नाईकने आपल्या क्लबमध्ये घेतलं. तो झहीर. आणि २ एप्रिल २०११ ला झहीरने वानखेडेवर ज्या पिचवर ओळीने मेडन टाकल्या ते पिच तयार करणारा क्युरेटरही हाच सुधीर नाईक. २०२३ मध्ये तो गेला. १९७१ मध्ये ज्याला "बदली कॅप्टन" म्हणून उभं केलं त्याने चाळीस वर्षांनंतरच्या विजयात दोन बाजूंनी हात लावला होता.

कसं वाचायचं हे वर्ष?

हे सगळं डोक्यात ठेवून अलीकडचं एक वर्ष बघू. मार्च २०२४ मध्ये मुंबईने विदर्भाला १६९ रननी हरवून बेचाळिसावी रणजी जिंकली. कॅप्टन अजिंक्य रहाणे, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. म्हणजे पुन्हा आमचाच. :) त्या फायनलची शेवटची विकेट घेऊन धवल कुलकर्णी निवृत्त झाला. फायनलमध्ये शतक ठोकणारा मुशीर खान सप्टेंबरमध्ये रस्त्यावरच्या अपघातात जखमी झाला. मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू तनुष कोटियन याला डिसेंबरमध्ये भारताच्या टीमने ऑस्ट्रेलियाला बोलावून घेतलं.

आणि निकाल? २०२४-२५ च्या पहिल्याच सामन्यात बडोद्याकडून ८४ रननी हार. जानेवारीत रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, श्रेयस अय्यर सगळे असताना स्वतःच्या मैदानावर जम्मू-काश्मीरकडून हार. फेब्रुवारीत नागपूरला सेमीफायनलमध्ये त्याच विदर्भाकडून ८० रननी हार, आणि कप विदर्भाकडे. लोकांनी लगेच मुंबईचं श्राद्ध घालायला घेतलं.

आता दुसरी यादी. त्याच मोसमात मुंबईने सत्तावीस वर्षांनी इराणी कप जिंकला. डिसेंबरमध्ये सय्यद मुश्ताक अली ट्रॉफी जिंकली, ४६९ रन करून मालिकावीर कोण, तर रहाणे. रणजीत देशातल्या शेवटच्या चार टीममध्ये पोचले, आणि क्वार्टर फायनलमध्ये रहाणेचं शतक. याला पडझड म्हणायचं का? मला तरी ही एक चांगली टीम आपल्या नेहमीच्या उंचीवर परत आलेली दिसते. कपाच्या फोटोशी तुलना केली की ती बुटकी वाटते, इतकंच.

माज कधीच नसतो असं माझं म्हणणं नाही. असतो, काही जणांना होतोही. पण गणित, शरीर, प्रतिस्पर्ध्याची तयारी आणि निघून गेलेली माणसं एवढं सगळं वजा केल्यावर जे उरेल त्याचं नाव माज. आपण मात्र वजाबाकी न करताच उत्तर लिहितो.

आणि चुकीच्या उत्तराची किंमत कुणीतरी मोजतंच. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे आमच्या टीमने एका वर्षी फार मोठं रिलीज वेळेत काढलं. क्लायंट खूश, मेल, केक, सगळं. त्यानंतर टीममधल्या तीन सर्वांत चांगल्या लोकांना दुसऱ्या प्रोजेक्टवर नेलं, कारण ते चांगले होते. टार्गेट वाढवलं, कारण मागच्या वर्षी जमलं होतं. सहा महिने रात्री जागलेल्यांना सुट्टी मिळाली नाही, कारण पुढचं रिलीज डोक्यावर होतं. अर्थातच पुढचं वर्ष वाईट गेलं. अप्रेझलमध्ये उरलेल्यांच्या नावापुढे शेरा होता, "आत्मसंतुष्ट". माझ्या शेजारी बसणाऱ्या, सगळ्यांत जास्त राबलेल्या मित्राने तो शेरा वाचला आणि महिन्याभरात राजीनामा दिला. रोग वेगळाच होता, औषध चुकीचं दिलं, आणि राहिलेलाही माणूस गेला.

म्हणून मला वाटतं, जिंकल्यानंतरच्या वर्षी विचारायचा प्रश्न "हे शेफारले का?" हा नाही. जिंकणारे थकलेत का, कोण निघून गेलं, आणि रांगेत पुढे कोण उभं आहे, हे विचारायला हवं. रांग असेल तर एक वर्ष वाईट जातं. रांग नसेल तर महाराष्ट्रासारखी ऐंशी वर्षं जातात.

२०११ च्या त्या भिकार दौऱ्यात रांग होती का? होती. सचिन, सेहवाग, गंभीर नाहीत म्हणून ३१ ऑगस्टला मँचेस्टरच्या टी-ट्वेंटीत एका नव्या पोराला ओपनिंगला पाठवलं. त्याने पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात ६१ रन केले. आपण हरलो, त्यामुळे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. तो अजिंक्य रहाणे होता. एकाच दौऱ्यात जिल्ह्याचा एक माणूस लंगडत बाहेर गेला आणि दुसरा आत आला. कसोटीत जागा मिळायला त्याला मार्च २०१३ पर्यंत थांबावं लागलं. पुढे २०२१ च्या जानेवारीत, निम्मी टीम जखमी असताना, नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदरसारखे अगदी नवे बॉलर घेऊन ब्रिस्बेनला मालिका जिंकून देणारा कॅप्टनही तोच.

पण त्याच्या आधीची एक तारीख मला जास्त आवडते. २०१४ ची लॉर्ड्स कसोटी. पहिल्या डावात भारत ७ बाद १४५. तिथून रहाणेने १०३ काढले आणि आपण २९५ पर्यंत पोचलो. शेवटच्या दिवशी इशांत शर्माने सात विकेट घेऊन सामना ९५ रननी जिंकून दिला. लॉर्ड्सवरचा अठ्ठावीस वर्षांनंतरचा विजय. दिवस होता २१ जुलै. झहीर ज्या दिवशी त्या मैदानातून बाहेर गेला त्याला बरोबर तीन वर्षं झाली होती.

(त्याच्या पुढच्या तीन कसोटी आपण हरलो. इशांत जखमी झाला होता. आता तरी कुणाला माजलेला म्हणू नका.)